प्रबंधासाठी रुग्णांशी बोलताना

रुग्णांना वॉर्डातल्या सेवेबद्दल काय वाटतं, हा प्रबंधाचा विषय छान निवडलास गं, पण प्रश्नावली घेऊन थेट वॉर्डात जाऊ नकोस. आधी एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधनात रुग्णांचं हित जपलं जातंय ना हे पाहणाऱ्या समितीची मंजुरी, मग रुग्णाची संमती. आपल्या सोलापुरात विड्या वळणाऱ्या कितीतरी बायका घरी तेलुगू किंवा कन्नड बोलतात. मराठीत विचारलंस तर ‘बरं आहे’ एवढ्यावरच थांबतील. दुखणं माणूस आपल्या भाषेतच सांगतो. दुभाषी घे, पण घरातला नको. सुनेसमोर सासू मोकळी होत नाही, हे मी अनेकदा पाहिलंय. आणि युनिफॉर्ममध्ये तर मुळीच विचारू नकोस, उपचार अडतील या भीतीने सगळे कौतुकच करतात. मुलाखतीचं रेकॉर्डिंग त्याच रात्री उतरवून काढ. नवीन मुद्दे निघेनासे झाले की मुलाखती थांबव.