बाबांची फील्ड पोस्टिंग आणि अकरावीची शाखा

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीत हवालदार असून पुढील महिन्यात फील्डवर (सीमेवरील वा अशांत भागातील, कुटुंब सोबत नेता येत नाही अशा नेमणुकीवर) जात आहेत, आई ग्रामीण रुग्णालयात परिचारिका असल्याने तिची रात्रपाळी चुकत नाही, घरी आजी आणि आठ वर्षांचा भाऊ आहे. तेव्हा साताऱ्याच्या वसतिगृहात राहून विज्ञान शाखा घेण्याऐवजी गावातच कला शाखेत प्रवेश घ्यावा का, असे तू विचारले आहेस. कला शाखेला मी कमी लेखत नाही. पण ती तू आवडीने घेत नसून भावाच्या डब्यासाठी घेत आहेस, आणि हे कारण मला मान्य नाही.

तुला एनडीएतून (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून) हवाई दलात जायचे आहे. २०२२ पासून मुली खडकवासल्याला प्रशिक्षण घेत आहेत. तेथे लष्करासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते; हवाई दल आणि नौदलासाठी मात्र बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित असावे लागते. विज्ञानाकडून कलेकडे नंतरही वळता येते, कलेकडून विज्ञानाकडे येणे जवळजवळ अशक्य असते. बाबा काही वर्षांनी पीस स्टेशनला (कुटुंबासह राहता येते अशा शांत ठिकाणी) परततील, तेव्हा तुझी बारावी होऊन गेलेली असेल.

शिवाय तू दोनच पर्याय धरलेस. गावापासून सातारा १८ किलोमीटर असेल, तर रोज जाऊन-येऊनही शिकता येईल. ग्रामीण भागातील मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास मिळतो. संध्याकाळी तू घरी असशील. वसतिगृहच हवे असल्यास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात सैनिकांच्या मुलींच्या वसतिगृहाची चौकशी करावी.

राहिला घराचा प्रश्न. तो सोडवणे तुझे काम नाही, म्हणून यापुढचा मजकूर आईबाबांना वाचून दाखव. सैनिकांच्या घरांत मी वारंवार पाहिले आहे की निघण्यापूर्वी सगळे ‘होईल काहीतरी’ म्हणतात, आणि ते ‘काहीतरी’ म्हणजे बहुधा थोरली मुलगी असते.

आपण दोघांनी, बाबा सुट्टीवर घरी आहेत तोवरच, एका कागदावर नावे लिहावीत. आईच्या रात्रपाळीला घरी कोण झोपायला येईल, धाकट्याला ताप आल्यास दवाखान्यात कोण नेईल, आणि त्या व्यक्तीला जमले नाही तर दुसरे कोण, हे आत्या-मामांशी बोलून, त्यांचा होकार घेऊन ठरवावे. गृहीत धरलेला नातेवाईक ऐनवेळी लग्नाला गेलेला असतो. आजी मुलाला सोबत देऊ शकतील, परंतु रात्री दोन वाजता धावपळ करू शकणार नाहीत. शाळेतून मुलाला कोण नेऊ शकेल, हे मुख्याध्यापकांना लेखी कळवावे. आईंनी रात्रपाळ्या ठरावीक आठवड्यांत मिळाव्यात अशी विनंती आताच करावी. राज्य शासनाच्या सेवेतील महिलांना संपूर्ण सेवेत १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. ती सगळी आधीच संपवू नये, मुलीच्या बारावीसाठी काही दिवस राखून ठेवावेत.

जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची नैमित्तिक रजा असली तरी फील्डवर ती केव्हा मिळेल हे युनिटच्या गरजेवर अवलंबून असते, म्हणून परीक्षांच्या तारखा कळताच बाबांनी त्या वरिष्ठांना सांगाव्यात. दोन्ही मुलांची नावे पार्ट टू ऑर्डरने (कुटुंबातील बदल नोंदवणाऱ्या युनिटच्या आदेशाने) बाबांच्या सेवानोंदीत लागली आहेत का, लष्करी रुग्णालयासाठी अवलंबितांची कार्डे तयार आहेत का, आर्मी ग्रुप इन्शुरन्सचे नामनिर्देशन अद्ययावत आहे का, घरखर्चाचे खाते संयुक्त आहे का, हे निघण्याआधी तपासावे. फील्डवरून कित्येक दिवस फोन लागत नाही, त्यामुळे युनिटचा संपर्क क्रमांक आणि लष्करी टपालाचा (एपीओ) पूर्ण पत्ता आजींनाही सापडेल अशा जागी असावा. फील्डवरील जवानांच्या कुटुंबांसाठी काही छावण्यांत घरे मिळतात आणि गावात कोणीतरी तिथे राहायला जाण्याचा सल्ला देईल. आईंची नोकरी इथे असताना मला तो पटत नाही.

तुला मात्र घरातून अगदी मोकळे करावे असे मी म्हणत नाही. रविवारी भावाचा अभ्यास घे. आजीच्या गोळ्यांच्या वेळा तूच सांभाळतेस असे तू लिहिले आहेस, त्या सांभाळत राहा. पण प्रवेश अर्जातील पहिली पसंती साताऱ्याच्या विज्ञान शाखेलाच दे.