शीर्षक सुचत नाही म्हणून निबंध अडलाय?

“शीर्षकच सुचत नाहीये, मग लिहायला बसू कशी?” साहित्याच्या विद्यार्थ्यांकडून हे मी वारंवार ऐकते. अशाच पेचात सापडलेल्या एका विद्यार्थिनीची ही गोष्ट. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तिला ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’ या रक्तपिपासू पिशाच्चाच्या कादंबरीवर निबंध द्यायचा होता. वाचन झालं होतं, टिपणंही काढून झाली होती. वहीचं पहिलं पान मात्र खोडलेल्या शीर्षकांनी भरलेलं : ‘भयाचा शोध’, ‘अंधाराची छाया’, ‘रक्त आणि रात्र’. रात्री झोप लागत नव्हती. “माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नाही, हे शीर्षकावरूनच कळेल,” ती म्हणाली.

अडचण या वाक्यात होती. शीर्षक अडतं तेव्हा बहुतेकदा शब्द कमी पडलेले नसतात, मत मांडायची भीती वाटत असते. ‘भयाचा शोध’ कुठल्याही भयकादंबरीला चालेल. त्यात चुकण्याचा धोका नाही आणि म्हणूनच ते लिहिणाऱ्यालाही पटत नाही.

मी तिला ते पान उलटायला लावलं आणि विचारलं, “वाचताना राग कुठे आला?” भयकादंबरी म्हटली की भीतीबद्दलच लिहायचं असं मुलं धरून चालतात. पण चिडचिड झाली त्या जागी वाचकाचं स्वतःचं काहीतरी असतं, असा माझा अनुभव आहे.

तिला क्षणभरही विचार करावा लागला नाही. “मीनाला बाजूला काढतात तिथे, मॅडम!” मीना म्हणजे कादंबरीची नायिका.

मग ती बोलतच राहिली. ही कादंबरी डायऱ्या, पत्रं, तारा, बातम्यांची कात्रणं यांतून उलगडते. हे विखुरलेले कागद टंकलिखित करून तारखांप्रमाणे लावण्यात मीनाचा मोठा वाटा. तरीही ड्रॅक्युलाला संपवण्याच्या पुढच्या मोहिमेतून पुरुषमंडळी तिलाच वगळतात, का तर तिला त्रास नको. नेमक्या त्याच काळात ड्रॅक्युला तिच्यापर्यंत पोचतो. ती फिकट दिसते, थकलेली दिसते. ड्रॅक्युलाला बळी पडलेल्या ल्यूसीची, मीनाच्या मैत्रिणीची, हीच अवस्था डोळ्यांदेखत पाहिलेली असूनही कुणाच्या लक्षात येत नाही. आणि नवऱ्याला काळजी नको म्हणून मीनाही आपली भीती मनातच ठेवते.

“हे सगळं एका वाक्यात लिही,” मी म्हटलं. तिनं लिहिलं : ‘लपवाछपवीमुळेच ड्रॅक्युलाला वाट मिळते.’ हे मत होतं, याच्याशी कुणी वाद घालू शकलं असतं. मी तिला या मताच्या विरोधात जाणारा प्रसंग शोधून आणायला सांगितलं. शीर्षक पक्कं करण्याआधी हे काम कुणीही टाळू नये, असं मला मनापासून वाटतं.

पुढच्या भेटीत तिनं तो प्रसंग आणला. शेवटाकडे मीना स्वतःच नवऱ्याकडून वचन घेते : तुमचे बेत मला सांगू नका. तिच्या मनातलं ड्रॅक्युलाला कळू शकतं, हे तिनं ओळखलेलं असतं. म्हणजे गुपित ठेवणं दर वेळी घातक नाही. पहिल्यांदा निर्णय इतरांनी घेतला होता, दुसऱ्यांदा तिनं. ही गोष्ट सांगताना ती खुर्चीत पुढे सरकून बसली होती, आणि शीर्षक बोलता बोलताच आलं : ‘मला सांगू नका : “ड्रॅक्युला”तली गुपितं कोण ठरवतं?’

तिला एक शंका होती. प्रश्नार्थक शीर्षक चालेल का? चालतं, निबंधात त्या प्रश्नाचं उत्तर मिळत असेल तर. अपूर्णविरामाच्या (:) आधी आपला मुद्दा आणि नंतर कादंबरीचं नाव, ही मांडणीही सोयीची पडते. वाचणाऱ्याला विषय लगेच कळतो.

लिहिता लिहिता शीर्षक बदललं तरी बिघडत नाही, हेही मी तिला आवर्जून सांगितलं. १८९७ साली आलेल्या याच कादंबरीच्या टंकलिखितावर ‘द अन-डेड’ असं नाव होतं. स्टोकरचं पूर्ण पुस्तक लिहून झालं तरी नाव बदलायचं बाकीच होतं. तेव्हा कोऱ्या कागदावर वर जागा सोडून खालून सुरुवात करायला काहीच हरकत नाही.

लिखाण सुरू झालं तशी तिची झोपही सुधारली. सगळ्यांचं असं होत नाही. निबंध देऊन झाल्यावरही झोप उडालेली असेल, परीक्षेत, वर्गात बोलताना, साधा ईमेल पाठवतानाही ‘माझं उघडं पडेल’ हीच धास्ती वाटत असेल, तर शीर्षकावर आणखी डोकं खपवू नका. त्या भीतीबद्दल समुपदेशकाशी वेळ ठरवून बोला.