आधी घसा दाखव

लेकरा,

तुझं पत्र काल रात्री दोनदा वाचलं. महिना झाला घसा बरा होत नाही, आणि त्याच्या तीन आठवडे आधी तोंडावाटे जो लैंगिक संबंध आला, त्यातून रोग लागला असेल ही भीती तू माझ्याशिवाय कुणाला सांगितलेली नाहीस. बावीस वर्षांच्या पोराने हे एकट्याने ओढत राहावं, याचं मला वाईट वाटलं. सांगितलंस ते बरं केलंस.

लातूरच्या खोलीत दार लावून मोबाईलच्या टॉर्चने आरशात घसा बघत बसतोस, असं लिहिलंस. सरकारी रुग्णालयात समुपदेशक म्हणून काम करताना असा टॉर्च धरणारी कितीतरी पोरं मी पाहिली. जिभेच्या अगदी मागे तुला जे गोल उंचवटे दिसतात, व्हीच्या आकारात मांडलेले, ते सगळ्यांना असतात. तुझ्या बापाच्या जिभेवरही आहेत, त्याने कधी पाहिले नाहीत एवढंच. पडजिभेमागच्या भिंतीवरचे बारीक दाणे सर्दीने, धुळीने, ॲसिडिटीनेही फुगतात. शिवाय दिवसातून दहा वेळा जीभ ओढून बघितल्यावर चांगला घसासुद्धा लाल होईल. आरसा आजपासून बंद.

तुझ्या पत्रातल्या दोन ओळी मात्र मी पुन्हा पुन्हा वाचल्या. एक, दुखणं सकाळी जास्त असतं आणि दुपारनंतर कमी होतं. दुसरी, घसा धरला तेव्हा तू सोयाबीनच्या राशीला गावाकडे गेला होतास. मळणीयंत्रासमोर आठ दिवस उभं राहिलेल्या माणसाच्या घशात किती भुसकट जातं, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. तिथून परत आलास, मेसचं तिखट खायचं, रात्री दोनला चहा प्यायचा आणि लगेच आडवं व्हायचं. पोटातलं आम्ल वर येऊन घसा असाच जळतो, आणि सकाळी जास्त जाणवतो. नाकातून मागे गळणारा शेंबूडही हेच करतो. पुडी खात असशील तर तेही लपवू नकोस. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण ती कशी आहे ते तुला ठाऊक आहे.

आता तुझ्या भीतीबद्दल. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. तोंडावाटे संबंधातून गनोरिया म्हणजे परमा हा गुप्तरोग घशात बसू शकतो. पण बहुतेकांना त्याचं काहीच लक्षण जाणवत नाही. म्हणून घसा दुखतोय यावरून तो आहे असं ठरत नाही, आणि उद्या दुखायचा थांबला म्हणून नाही असंही ठरत नाही. त्याला घशाचा स्वॅब लागतो. लघवीच्या तपासणीत घशातलं दिसत नाही. सिफिलिस या दुसऱ्या गुप्तरोगाचा चट्टा ओठावर किंवा तोंडातही येतो, साधारण तीन आठवड्यांनी, आणि तो बहुधा दुखत नाही. न दुखणारा चट्टा आपोआप भरतो, माणूस विसरतो, आणि आजार आत चालूच राहतो. त्यासाठी रक्ताची व्हीडीआरएल नावाची चाचणी करतात.

तू रात्रभर जागतोस ते एचआयव्हीच्या धास्तीने. संसर्गानंतर दोन ते चार आठवड्यांत काहींना ताप येतो, घसा दुखतो, गाठी सुजतात, अंगावर पुरळ येतं, हे तू वाचलंस ते खरं आहे. पण ते सहसा काही दिवसांत, फार तर दोन-चार आठवड्यांत ओसरतं. ताप नाही, पुरळ नाही, नुसता घसा महिनाभर, हे चित्र त्यात नीट बसत नाही. शिवाय तोंडावाटे संबंधातून एचआयव्ही होण्याचा धोका फार कमी असतो. तरी अंदाजावर सोडू नकोस. सात आठवडे झालेत, आता एक चाचणी कर आणि तीन महिने पुरे झाले की दुसरी. पुढे कधी अशी वेळ आली तर ७२ तासांच्या आत दवाखान्यात पोहोचायचं. एचआयव्ही टाळायची २८ दिवसांची औषधं असतात, पण ती त्या मुदतीतच सुरू करावी लागतात.

एक गोष्ट माझ्या मनात अजून सलते. तुझ्याच वयाचा एक मुलगा घशाची तक्रार घेऊन माझ्याकडे आला होता. मी विचारलं, "शारीरिक संबंध आला होता का?" तो मान खाली घालून "नाही" म्हणाला. एचआयव्हीची चाचणी केली, निगेटिव्ह आली, मी त्याला निर्धास्त करून पाठवलं. काही महिन्यांनी तो परत आला. तळहात पुढे केले तर त्यावर तांबूस डाग, तळपायावरही तसेच. व्हीडीआरएल रिॲक्टिव्ह, म्हणजे सिफिलिस निघाला. त्याच्या लेखी संबंध म्हणजे एकच गोष्ट होती, तोंडाने केलेलं तो संबंधात धरतच नव्हता. खोटं तो बोलला नव्हता. नेमकं विचारायला मी लाजलो होतो. पेनिसिलिनच्या इंजेक्शनने तो बरा झाला, पण ते महिने माझ्यामुळे गेले. त्यानंतर मी प्रत्येकाला स्पष्ट शब्दांत विचारू लागलो.

म्हणून तुला एवढंच मागतो. डॉक्टरांसमोर असं म्हण: "महिन्यापासून घसा दुखतो. सात आठवड्यांपूर्वी तोंडावाटे लैंगिक संबंध आला होता, कंडोम नव्हता." जीभ अडखळली तर चिठ्ठीवर लिहून पुढे सरकव. हे वाक्य ऐकल्याशिवाय घशाचा स्वॅब घ्यायचं कुणाच्या मनातही येणार नाही. समोर मुलगा होता की मुलगी, हे तू लिहिलं नाहीस, आणि मलाही ते ऐकण्याची घाई नाही. मुलगा असेल, तर दोघं सज्ञान आणि राजीखुशीने असताना त्यात कायद्याचा गुन्हा नाही, सर्वोच्च न्यायालयाने ते ६ सप्टेंबर २०१८ ला स्पष्ट केलंय. डॉक्टरांनी विचारलं तर बिनधास्त सांग.

मेडिकलवरून ॲझिथ्रोमायसिनची तीन गोळ्यांची पट्टी दोनदा आणून खाल्लीस, हे वाचून मात्र मी रागावलो. सर्दीच्या विषाणूवर ती चालत नाही, ॲसिडिटीवर नाही, आणि घशातल्या गनोरियावर तिचा भरवसा नाही. वर जंतू औषधाला निबर होतात आणि तपासणीचा निकाल फसवू शकतो. गोळ्या घेतल्याचं आणि कधी घेतल्याचं सांग, तिसरी पट्टी आणू नकोस.

लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात केसपेपर काढ आणि पहिल्यांदा कान-नाक-घशाच्या ओपीडीत जा. तिथून गुप्तरोगाच्या विभागात, ज्याला सुरक्षा क्लिनिक म्हणतात, आणि आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन आणि तपासणी केंद्रात. एचआयव्हीची तपासणी तिथे मोफत होते, तुझ्या संमतीशिवाय करता येत नाही, आणि तुझा निकाल तुझ्या परवानगीशिवाय घरच्यांना सांगायला २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने मनाई आहे. घरी कळेल ही धास्ती सोड. घशाचा स्वॅब सगळीकडे होत नाही, तेव्हा तिथे नसेल तर कुठे होईल ते त्यांनाच विचार. फोनवर आधी बोलायचं असेल तर १०९७ ही एचआयव्हीची हेल्पलाइन लाव, पैसे लागत नाहीत. गिळायला त्रास झाला, मानेला गाठ लागली, आवाज बसून राहिला किंवा थुंकीत रक्त दिसलं, तर ओपीडीचा वार बघत बसू नकोस, त्याच दिवशी जा.

तोवर कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कर, रात्रीचा चहा बंद ठेव, आणि निकाल येईपर्यंत कुणाशी संबंध नको. काही निघालंच तर त्या दुसऱ्या व्यक्तीलाही कळवावं लागेल. तो फोन कसा करायचा ते आपण दोघं मिळून ठरवू.

सोमवारी सकाळी रांगेत उभा राहिलास की मला मिस्ड कॉल दे. मी घरीच आहे.

तुझा,
काका