‘तो वर्क फ्रॉम होम करतो’ ही थाप आता पुरे

“माई, मी नाशिकला बँकेत अधिकारी आहे. मुलगी चौदा महिन्यांची. माझी बाळंतपणाची सव्वीस आठवड्यांची रजा संपली तेव्हा सासूबाईंचे गुडघे धरलेले, माझी आई गावाला, आणि पाळणाघर दोघांनाही पटेना. नवऱ्याचा पगार माझ्यापेक्षा कमी, त्यात शिफ्ट ड्यूटी. त्यानंच नोकरी सोडली. आठ महिने झाले. नातेवाइकांना मी सांगते, तो वर्क फ्रॉम होम करतो. सासूबाई म्हणतात, ‘बायकोच्या जिवावर बसलाय.’ संध्याकाळी घरात शिरले की माझी चिडचिड होते. त्यानं मुलीला भरवलेलं असतं तरी मी पुन्हा मऊभात कालवते. माझं चुकतंय का?”

अगं, वयानं लेकीसारखी आहेस म्हणून अगं-तुगं करते. नोकरीचं काही चुकलेलं नाही. थापेचं मात्र चुकतंय.

सासूबाई म्हणतात ‘बसलाय’. तू म्हणतेस ‘घरून काम करतो’. दोघींच्या बोलण्याचा अर्थ एकच निघतो: मूल सांभाळणं हे पुरुषानं सांगण्यासारखं काम नाही. त्या निदान त्याच्या तोंडावर बोलतात. तू चारचौघांत हे बोलतेस तेव्हा तो शेजारीच उभा असतो ना? त्या वेळी त्याचा चेहरा कधी पाहिलास?

मी १९८६ साली शाळेतली नोकरी सोडून घरी बसले. तेव्हा माझ्या नवऱ्याला कुणी कुजबुजत विचारलं नाही की हल्ली वहिनी काय करतात. आणि मी बसले म्हणतेय खरी, पण दुपारी तीनच्या आत पाठ टेकल्याचं आठवत नाही. केंद्र सरकारनं २०१९ मध्ये लोकांचा दिवस कशात जातो याची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होती, पुरुषांची ९७. तुझा नवरा आता त्या २९९च्या बाजूला आलाय. ती बाजू बसण्याची नाही, हे तुझ्या सासूबाईंइतकं कुणाला ठाऊक असणार?

कायदाही आईचाच चेहरा धरून लिहिलेला. २०१७च्या दुरुस्तीनं तुला सव्वीस आठवडे मिळाले. खासगी कंपनीतल्या बापाला कायद्यानं एक दिवसही नाही. केंद्र सरकारी नोकरीत असता तर पंधरा दिवस मिळाले असते. तेव्हा लोकांना हे विचित्र वाटणारच. वाटू दे.

आता मऊभात. ही गोष्ट मला सासूबाईंपेक्षा मोठी वाटते. दिवसभर पोरीपासून लांब राहिल्याची रुखरुख तू त्या वाटीत कालवतेस, हे मला कळतं. पण समोर उभ्या असलेल्या माणसाला त्यातून एवढंच ऐकू येतं की तुला जमलेलं नाही. तुला तिच्याजवळ बसायचंय ना, मग आंघोळ, गोष्ट, झोपवणं यातलं एक काम तुझं म्हणून ठरवून घे. भरवलेल्या पोरीला पुन्हा भरवायला जाऊ नकोस. आणि हो, तू आल्यावर त्याला तासभर बाहेर पडू दे. कट्ट्यावर जाईल, नाहीतर नुसता चालून येईल.

पैशाचंही बोला. त्याच्या कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर गेला असणार. त्याला आणि त्याच्या आईवडिलांना कुठला विमा आहे ते याच आठवड्यात बघा. पीएफ काढू नका. पीएफबरोबरच्या पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते. पैसे तसेच राहिले तर पुन्हा नोकरी धरल्यावर मागची वर्षं धरली जातात. बँकेतलं खातं दोघांच्या नावावर करा. दर महिन्याला त्याला तुझ्याकडे हात पसरावा लागू नये. ते दुखणं काय असतं हे आमच्या पिढीच्या बायकांना विचार.

पुढच्या लग्नकार्यात एखादी काकू विचारेलच, जावईबापू सध्या कुठे? तेव्हा सांग, “आमच्या मुलीला तो सांभाळतो.” पुढे ‘सध्या’ नको, ‘तात्पुरतं’ही नको. एवढं बोल आणि पंगतीला बस.

— माई