तुमचे प्रश्न : वंशवादाशी आपला काय संबंध?

प्रश्न : मी समाजशास्त्रात पीएच.डी. करते आहे. ज्ञानव्यवहारातला वंशवाद हा विषय घ्यायचा आहे. पण ‘तो गोऱ्या-काळ्यांचा प्रश्न, आपला काय संबंध?’ असं मार्गदर्शक म्हणतात. काय करू?
– एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : संबंध आहे, आणि तो थेट पुण्यापर्यंत येतो. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवणाऱ्या मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे पीएच.डी.साठी बर्लिनला गेल्या, तेव्हा त्यांचे मार्गदर्शक होते जर्मन मानववंशशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर. गोऱ्यांच्या कवटीच्या दोन बाजू असमान, म्हणून त्यांची बुद्धी वरचढ, असं फिशरचं गृहीतक. इरावतीबाईंनी 149 कवट्या तपासल्या आणि कवटीच्या दोन बाजूंतल्या फरकाचा वंशाशी संबंध नाही, असं प्रबंधात लिहिलं. तेही गुरूच्याच संस्थेत! मी मानववंशशास्त्र शिकवत असे, तेव्हा हे सांगताना दरवेळी ऊर भरून येई.

पण तिथे थांबू नका. अशा संग्रहांतल्या कवट्या कुणाच्या होत्या? 1908 मध्ये फिशर आजच्या नामिबियात मिश्रवंशीय कुटुंबांची मापं घेत होता. त्याच वसाहतीत जर्मनांनी हेरेरो आणि नामा लोकांचा नुकताच संहार केला होता. तिथून जर्मनीत नेलेल्या काही कवट्या 2011 मध्ये परत गेल्या. आणि इरावतीबाईंनी पुढे महाराष्ट्रातही जातीजातींची शरीरमापं घेतली. ती कुठल्या चौकटीत, फिशरच्याच की वेगळ्या? आदर राखूनही हे विचारायलाच हवं.

मार्गदर्शकांपुढे हाच एक प्रश्न टिपण करून ठेवा. सुरुवात डेक्कन कॉलेजच्या ग्रंथालयापासून करा, आणि जर्मन शिकायला आजच लागा.