पूल न फोडता आतल्या सळ्या गंजल्यात का, हे कसं ओळखतात?
सगळ्यात जुनी युक्ती हातोडीची. धड काँक्रीट खणखणीत वाजतं. गंज फुगून आवरण सुटलं असेल तर बद्द आवाज येतो. पण तोवर उशीर झालेला असतो.

त्याआधी गाठायचं तर हाफ-सेल चाचणी. मोरचुदाच्या द्रावणात तांब्याची कांडी असलेली नळी, तिच्या तळाला ओला स्पंज. तो काँक्रीटवर टेकवत जायचं. व्होल्टमीटरचं दुसरं टोक सळईला. आकडा उणे ३५० मिलिव्होल्टच्या खाली गेला, तर तिथे गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त. मात्र सळईला वायर जोडायला एखादं छोटं भोक पाडावंच लागतं, म्हणजे ‘अजिबात न फोडता’ हे जरा खोटंच! शिवाय गंजाचा वेग यातून कळत नाही.

खरी पंचाईत प्रीस्ट्रेस्ड पुलांत, म्हणजे ज्यांच्या काँक्रीटमध्ये ताणलेल्या पोलादी केबल असतात त्या पुलांत. केबल धातूच्या नळीत असेल तर हाफ-सेल आणि रडार (काँक्रीटमध्ये रेडिओलहरी सोडून आतलं टिपणारं यंत्र), दोन्ही नळीपाशीच अडतात. इटलीत जेनोआचा मोरांडी पूल २०१८ मध्ये कोसळला, ४३ माणसं गेली. तिथल्या ताणकेबलही काँक्रीटच्या आत गंजल्या होत्या, नुसत्या डोळ्यांना न दिसता.