घरातली ओल, गळती, भेगा: खर्च कोणाच्या डोक्यावर?

प्रश्न: वाकडला नवीन फ्लॅट घेऊन तीन वर्षं होत आली. दर पावसाळ्यात बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीला ओल धरते. बिल्डर म्हणतो वॉरंटी एकच वर्ष होती, ॲग्रीमेंटमध्ये तसं लिहिलंय.

लिहू दे की! रेरा, म्हणजे बिल्डर आणि घर घेणारे यांच्यातल्या व्यवहाराचा कायदा, त्याचं कलम १४(३) सांगतं की पझेशनपासून ५ वर्षांत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष तुम्ही दाखवून दिलात तर बिल्डरने तो ३० दिवसांत, एक पैसा न घेता दुरुस्त करून द्यायचा. ॲग्रीमेंटमधल्या एका ओळीने हा हक्क जात नाही. फक्त व्हॉट्सॲपवर फोटो टाकून ब्लू टिकची वाट बघत बसू नका, ईमेल करा आणि सोबत रजिस्टर्ड पोस्टाने पत्र पाठवा, कारण ते ३० दिवस कधी सुरू झाले हेच पुढे सिद्ध करावं लागतं. तरी हलला नाही तर महारेराकडे (रेरा राबवणारं राज्याचं प्राधिकरण) ऑनलाइन तक्रार, फी ५,००० रुपये. आणि हो, त्या भिंतीत एसीसाठी वगैरे तुम्ही भोक पाडलं असेल तर बिल्डर पहिलं बोट तिकडेच दाखवणार, म्हणून एखाद्या इंजिनियरकडून ओल कुठून येतेय याचा लेखी रिपोर्ट आधीच घेऊन ठेवा.

प्रश्न: डोंबिवलीला रीसेल फ्लॅटचं टोकन दिलंय. घर बघितलं तेव्हा रंग अगदी ताजा होता, आता शेजारच्या काकू म्हणतात वरच्या बाथरूमचं पाणी झिरपतं. व्यवहार झाल्यावर मालकाला धरता येईल का?

काकूंना पेढे द्या. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२, कलम ५५ प्रमाणे विकणाऱ्याला माहीत असलेला आणि तुम्हाला साध्या तपासणीत न दिसणारा मोठा दोष त्याने स्वतःहून सांगायचा असतो. पण तुम्हाला तर आता कळलंय, मग 'माझ्यापासून लपवलं' हे नंतर कसं म्हणणार? जे काय भांडायचं ते रजिस्ट्रेशनच्या आधी, एकतर किंमत कमी करून घ्या नाहीतर दुरुस्ती करूनच ताबा द्यायचा असं ॲग्रीमेंटमध्ये टाका. सोसायटीच्या ऑफिसात जाऊन लिकेजच्या जुन्या तक्रारी आणि स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्ट बघायला मागा. मॉडेल बायलॉजप्रमाणे (सोसायट्यांची नमुना नियमावली) टेरेस किंवा कॉमन पाइपची गळती सोसायटीने काढायची, बाथरूमची त्या मेंबरने, म्हणजे तुमच्या केसमध्ये वरच्याने. तो सहजासहजी ऐकेल असं समजू नका. बिल्डिंग रेराखालची असेल आणि पझेशनला ५ वर्षं झाली नसतील तर मात्र तुम्ही दुसरे मालक असलात तरी बिल्डरकडे मागू शकता, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

प्रश्न: नाशिकचा फ्लॅट भाड्याने द्यायचाय, किचनच्या छताचं प्लास्टर सुटलंय. भाडेकरूला सांगायलाच हवं का?

सांगायलाच हवं. लिव्ह अँड लायसन्सने (ठराविक मुदतीसाठी फक्त राहायची परवानगी) देत असाल तर सुविधाधिकार कायदा, १८८२, कलम ५७ लागू होतं, त्यात राहणाऱ्याला धोका होईल असा तुम्हाला माहीत असलेला दोष सांगणं तुमच्यावर बंधनकारक आहे. पण खरं सांगू का, सांगून कशाला देताय, आधी प्लास्टर करून घ्या, कोणाच्या डोक्यात पडलं तर ११ महिन्यांचं भाडं पुरणार नाही. पुढची मोठी दुरुस्ती कोणी आणि किती दिवसांत करायची ते ॲग्रीमेंटमध्ये लिहा आणि ते रजिस्टर करा. रजिस्टर करायची जबाबदारी मालकाचीच आहे, आणि ते केलं नाही तर वाद झाल्यावर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं.